साताऱ्यात बदली : पहिलीतल्या मुलीची शाळा आणि धाकट्याचे पाळणाघर यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : गोदाकाठची आई

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचे कुटुंब नाशिकहून साताऱ्याला येत आहे. माझी बदली पोवई नाक्याजवळील एका बँकेच्या शाखेत झाली आहे आणि यजमानांना कोडोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले आहे. मुलगी पहिलीत शिकते. तिची सध्याची शाळा राज्य मंडळाची, सेमी इंग्रजी माध्यमाची आहे. मुलगा अजून दोन वर्षांचा झालेला नाही आणि आजवर तो आजीच्या अंगाखांद्यावर वाढला. सासूबाईंना नाशिकचे घर सोडून कायमचे येणे शक्य नाही, त्यामुळे साताऱ्यात मुलांजवळ थांबायला घरचे कोणीही असणार नाही.

मला सकाळी साडेनऊच्या सुमारास घर सोडावे लागेल आणि परतायला सात वाजतील. यजमानांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतील. शाहूपुरी, गोडोली आणि सदर बझार या भागांत आम्ही भाड्याचे घर पाहत आहोत, परंतु घर आधी ठरवावे की शाळा, हेच उमगत नाही. वर्षाच्या मध्यात मुलीला प्रवेश मिळण्यात काही अडचण येते का? नगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित शाळा आणि खासगी शाळा यांपैकी कोणती पाहावी? धाकट्यासाठी पाळणाघर बरे, घरी येऊन सांभाळणारी बाई बरी, की अंगणवाडीचा काही उपयोग होऊ शकेल? मुलीचा तिच्या वर्गशिक्षिकेवर फार जीव आहे आणि धाकटा आजीशिवाय झोपत नाही, त्यामुळे हा बदल दोघांनाही जड जाणार हे मला दिसते आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका

ताई, आपल्या प्रश्नात शाळा आधी आली आहे आणि पाळणाघर नंतर. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मी आपल्याला हा क्रम उलटा करायला सांगेन. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस आणि 800 तास अध्यापन धरले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. शाळा प्रत्यक्षात याहून थोड्या जास्त वेळ चालतात हे खरे, तरीही आपल्या साडेनऊ तासांच्या गैरहजेरीला पुरे पडेल अशी पहिलीची शाळा नसते आणि त्या वयाच्या मुलासाठी ती असूही नये. मुलीचे शाळेबाहेरचे तास कोणाजवळ जाणार, हे आधी ठरवा. ते ठिकाण शक्यतो तिच्या भावाचेही असू द्या. त्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशा शाळांची यादी करा, आणि भाड्याचे घर सर्वांत शेवटी, या दोन्हींच्या जवळ शोधा.

शाळेच्या वेळेचा यात मोठा वाटा आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय घेतला. तरीही वर्ग नेमके किती वाजता भरतात आणि सुटतात हे शाळेशाळेत वेगळे असते, कारण काही शाळा दोन सत्रांत चालतात आणि काही साडेदहा-अकरापासून पाचपर्यंत पूर्ण वेळ भरतात. नऊच्या शाळेत आपण स्वतः मुलीला सोडून कामावर जाऊ शकाल आणि दुपारनंतरचा सगळा वेळ ती पाळणाघरात जेवण, झोप, खेळ यांत घालवेल. साडेदहाच्या शाळेत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असे तिला दोनदा दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागेल. लहान मुलाला तासांपेक्षा ही सोपवासोपवी अधिक थकवते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून नऊची शाळा मिळत असेल तर मी ती निवडेन. शनिवारी बहुतेक शाळा अर्धा दिवस असतात आणि बँका महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारीच बंद असतात. उरलेल्या शनिवारांची सोय आत्ताच विचारून ठेवा, कारण पाळणाघरेही त्या दिवशी लवकर बंद होतात.

आता प्रवेशाविषयी. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बदलीमुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागलेल्या मुलाला शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे; जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला एवढ्या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वयाच्या पुराव्याअभावीही प्रवेश नाकारता येत नाही. विनाअनुदानित खासगी शाळेला मात्र ही बदलीची तरतूद लागू नाही, तिथे रिकामी जागा असेल तरच प्रवेश मिळेल. खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी असलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांचे प्रवेशही ऑनलाइन सोडतीने आणि प्रवेशाच्या वर्गातच होतात, त्यामुळे वर्षाच्या मध्यात त्या वाटेचा विचार करू नये. कोणत्याही शाळेने मुलीची किंवा आपली मुलाखत अथवा चाचणी घेऊन त्यावर प्रवेश ठरवला, तर ते तेराव्या कलमाच्या विरुद्ध आहे. देणगीच्या नावाखाली मागितलेल्या रकमेलाही तेच कलम मनाई करते. हे नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावे.

शाळेचा प्रकार कोणता, या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देते, कारण एकाच प्रकारच्या दोन शाळांत जितका फरक असतो तितका कित्येकदा दोन प्रकारांत नसतो. सातारा हे रयत शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयाचे गाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काढलेल्या या संस्थेमुळे अनुदानित शिक्षणाची परंपरा इथे खोल रुजली आहे. ज्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले ती साताऱ्याचीच, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो. सरकारी शाळेचे नाव निघताच मान फिरवणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगत आले. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो, ही नोकरी करणाऱ्या आईसाठी किरकोळ गोष्ट नाही.

शाळा पाहायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीच्या वेळी जा. मुले पाणी कुठे पितात, मुलींचे स्वच्छतागृह कुलूपबंद तर नाही ना, सुट्टीत शिक्षक मुलांत असतात की कार्यालयात, हे तेव्हाच दिसते. पहिलीच्या वर्गाचा पट विचारा. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. भिंतीवर छापील तक्ते लावलेले आहेत की मुलांनी स्वतः काढलेली चित्रे आणि लिहिलेली वाक्ये, तेही पाहा. आणि आपल्या मुलीला सोबत न्या. वर्गशिक्षिका आधी आपल्याशी बोलतात की वाकून मुलीशी, यावरून मला त्या वर्गाविषयी पुष्कळ कळत असे.

उत्तर : गोडोलीतील एक पालक

आमची दोन्ही मुले पाळणाघरात वाढली, म्हणून धाकट्याविषयी लिहितो.

दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी पाळणाघराची इमारत, खेळणी आणि भिंतींचे रंग यांपेक्षा त्याला दिवसभर उचलणारे हात कोणाचे आहेत आणि ते रोज तेच असतात का, हे अधिक मोलाचे आहे. चौकशी करताना पहिला प्रश्न हाच असावा : माझ्या मुलाला नेमके कोण सांभाळणार, त्या किती दिवसांपासून इथे काम करतात, आणि त्या सुट्टीवर गेल्या तर कोण? जिथे मावशी दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात तिथे मूल कोणालाच आपले म्हणू शकत नाही, मग बाकी सोयी कितीही असोत. 2013 च्या राष्ट्रीय पूर्वबाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. माझ्या मते ती वरची मर्यादा समजावी. चालायला नुकतीच शिकलेली दहा मुले एकट्या माणसाला खऱ्या अर्थाने सांभाळता येत नाहीत. पाच-सहा मुलांमागे एक बाई असेल तर तिला प्रत्येकाला भरवता, पुसता आणि झोपवता येते.

संख्या विचारताना वेळही विचारावी. सकाळी अकरा वाजता तीन मावशी असतात आणि साडेपाचनंतर एकच उरते, असे पुष्कळ ठिकाणी घडते, आणि आपली मुले तर सात वाजेपर्यंत तिथे राहणार आहेत. त्यामुळे पाहणीसाठी दोनदा जा, एकदा दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान मुले झोपायच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी उशिरा, आणि शक्य असल्यास दुसऱ्यांदा न कळवता जा. झोपेची खोली हवेशीर आहे का, चादरी प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत का, जागी झालेली मुले टीव्हीसमोर बसवली आहेत का, रडणाऱ्या मुलाकडे कोणी किती वेळात जाते, हे सगळे त्या अर्ध्या तासात दिसते. फाटकाची कडी मुलांच्या हाताला येते का, जिन्याला अडसर आहे का, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का आणि स्वयंपाकघर मुलांच्या खोलीपासून वेगळे आहे का, याकडेही लक्ष द्यावे. अनेक पाळणाघरे राहत्या घरात चालतात आणि त्यांत वाईट काही नाही. उलट घरगुती पाळणाघरात मुलांची संख्या कमी आणि माणसे कायमची असण्याचा संभव अधिक असतो. फक्त घरातील इतर कोण माणसे दिवसभर तिथे वावरतात, हे संकोच न करता विचारावे.

कॅमेरे आहेत, या उत्तरावर समाधान मानू नये. कॅमेरा झाले ते दाखवतो. कोणालाही न विचारता दार उघडून आत जाण्याची पालकांना मुभा असणे हे त्याहून मोठे संरक्षण आहे. जिथे पालकांनी ठरावीक वेळीच यावे असा नियम आहे, तिथे मी मूल ठेवले नाही. मुलांना न्यायला कोण येऊ शकेल याची लेखी यादी छायाचित्रांसह द्या, आणि यादीबाहेरचा माणूस आला तर फोन केल्याशिवाय मूल सोपवणार नाही, असे त्यांच्याकडून वदवून घ्या. औषध आपल्या लेखी सूचनेशिवाय देऊ नये, हेही ठरवून टाका.

आजींना पहिले काही आठवडे साताऱ्यात येता आले, तर तो वेळ मुलाला सवय लावण्यासाठी वापरा. पहिल्या दिवशी आजीसह तासभर, मग आजी शेजारच्या खोलीत, मग आजीशिवाय जेवणापर्यंत, आणि झोप सर्वांत शेवटी, अशी पायरी ठेवली तर मूल रडेल, पण भेदरणार नाही. निघताना त्याची नजर चुकवून पळून जाऊ नका. सांगून निघा, जरी तो रडला तरी. त्याच्या झोपेची जुनी गोधडी सोबत द्या.

आणखी एक गोष्ट. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आहे, तिथे आईला दिवसातून चार वेळा जाता येते, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. आपल्या शाखेत एवढे कर्मचारी बहुधा नसतील, पण यजमानांच्या कारखान्यात असतील. सोय सामायिक असू शकते, त्यामुळे नोकरी स्वीकारतानाच मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे.

उत्तर : शाहूपुरीची आजी

मी माझ्या नातवंडांना सांभाळले आहे आणि शेजारच्या दोन घरांत मुले सांभाळायला येणाऱ्या बायकांनाही जवळून पाहिले आहे. घरी येणारी बाई चांगली मिळाली तर मूल आपल्याच अंथरुणात झोपते, आजारपणात बाहेर काढावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण ती एकटी असते. तिला ताप आला तर त्या दिवशी आपली नोकरी थांबते, आणि बंद दाराआड मूल कसे आहे हे पाहणारे दुसरे माणूस घरात नसते. गावात आपले कोणी नाही म्हणता, म्हणून निदान पहिले वर्ष मी पाळणाघराच्या बाजूने मत देईन. ओळखी झाल्या, शेजार जुळला, की घरी बाई ठेवण्याचा विचार करावा.

यजमानांच्या पाळ्यांबद्दल एक सांगते. ज्या आठवड्यात ते दुपारी घरी असतील त्या आठवड्यात मुलांना घरी ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाळणाघरात, असे करू नका, बाळाला त्याचा फार त्रास होतो. पाळी कोणतीही असो, मुले रोज ठरल्या वेळी पाळणाघरात जाऊ द्यात, आणि बाबा घरी असले तर त्यांनी तासभर लवकर जाऊन त्यांना आणावे.

उत्तर : माजी मुख्यसेविका, एकात्मिक बाल विकास सेवा

अंगणवाडीविषयी विचारले आहे, त्याबद्दल नेमके सांगते, कारण शहरात नव्याने आलेल्या पालकांचा याबाबत नेहमी गोंधळ होतो.

अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. ती ज्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून चालते, 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या त्या योजनेत पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास पुढच्या उपचारांसाठी दवाखान्यात पाठवणे), आहार-आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा आहेत. आपल्या मुलाच्या वयाची मुले तिथे दिवसभर बसत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षे वयोगटाला घरी नेण्यासाठी आहार मिळतो आणि त्यांचे वजन-उंची नोंदवली जाते. तीन वर्षांनंतरची मुले सकाळचे काही तास येतात. केंद्र शासनाच्या मिशन शक्तीमधील पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे, परंतु अशी केंद्रे प्रत्येक वस्तीत नाहीत. आपण जो भाग निवडाल तिथल्या सेविकेला किंवा बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारले तर एका भेटीत उत्तर मिळेल.

असे असले तरी मुलाचे नाव अंगणवाडीत अवश्य नोंदवा. पत्ता बदलला की लसीकरणाचे वेळापत्रक हमखास मागे पडते, आणि सेविका व आशाताई त्याचा पाठपुरावा करतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा बूस्टर डोस नाशिकमध्ये झाला आहे की नाही हे कार्डावर पाहा आणि ते कार्ड सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता आपल्या पर्समध्ये ठेवा.

तो तीन वर्षांचा झाल्यावर अंगणवाडी की खासगी नर्सरी, हा प्रश्न येईल. खासगी पूर्वप्राथमिक वर्गांत शुल्क भरून मुलांना साडेतीन वर्षांचे असताना वही-पेन्सिल धरायला लावलेली मी पाहिली आहे, आणि साध्या अंगणवाडीत सेविका गाणी-गोष्टी, मणी-बिया आणि मातीकाम यांत मुलांना रमवताना पाहिले आहे. याच्या अगदी उलटही पाहिले आहे. 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासोबत मुलांच्या अंगणातच शाळा नेली, तेव्हा हाताशी होते ते पानफुले, शंख-शिंपले आणि माती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा एकत्र धरून खेळातून शिकण्यावर भर दिला, ते या मंडळींनी कधीच करून दाखवले होते. तेव्हा नर्सरी निवडताना वह्या दाखवणाऱ्या शाळेपेक्षा मुलांचे मातीने माखलेले हात दाखवणारी शाळा पसंत करा. प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी घाई करून खेळगटात घातले नाही तरी त्याचे काही बुडत नाही, पाळणाघरात रोज चार मुले भेटतात तेवढे त्याला पुरते.

प्रश्नकर्ती : गोदाकाठची आई

सर्वांचे मनापासून आभार. क्रम उलटा करण्याची सूचना आम्हा दोघांनाही पटली. आता आधी पाळणाघर पाहण्यासाठी येऊ, आणि संध्याकाळी उशिरा जायचे हे लक्षात ठेवू.

आणखी दोन शंका आहेत. माझ्या नोकरीत पुढेही बदल्या होतील, मात्र त्या महाराष्ट्रातच. अशा स्थितीत मुलीला केंद्रीय मंडळाच्या शाळेत घालावे असे नातेवाईक सुचवतात; ते योग्य होईल का? आणि शाळा पाळणाघरापासून थोडी लांब निघाली, तर रिक्षा किंवा व्हॅनवर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका

बदल्या राज्याबाहेर होणार असत्या तर केंद्रीय मंडळाचा आग्रह मला समजला असता. राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या कुटुंबाला राज्य मंडळाची सेमी इंग्रजी शाळा जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात सापडते, केंद्रीय मंडळाची शाळा सापडेलच असे नाही, आणि सापडली तरी घराजवळ असेल असे नाही. प्राथमिक वर्गांत मंडळ बदलल्याने मुलाचे फारसे काही अडत नाही. पहिली-दुसरीत तिला अस्खलित वाचता यावे, मनातले लिहिता यावे आणि बेरीज-वजाबाकी वस्तू हाताळून समजावी, हे कोणत्याही मंडळात तितकेच महत्त्वाचे आहे. 2020 च्या कायद्याने मराठी हा विषय राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी सक्तीचा आहे, त्यामुळे भाषा तुटेल ही भीतीही नको. मात्र सेमी इंग्रजी शाळांत गणित इंग्रजीतून नेमके कोणत्या इयत्तेपासून सुरू होते ते विचारून घ्या. नाशिकमध्ये ती गणिताचे शब्द इंग्रजीतून शिकली असेल आणि इथे ते मराठीतून असतील, तर काही आठवडे ती गप्प बसेल, आणि नव्या शिक्षिकेला कारण माहीत नसेल तर मूल मागे आहे असा चुकीचा समज होईल. पहिल्याच भेटीत ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला आणि जुन्या वह्या दाखवा.

वाहनाविषयी माझे मत कडक आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे हे गाव आहे. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे येणारे रस्ते शाळा सुटण्याच्या वेळी भरलेले असतात आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारी सर थांबायचे नाव घेत नाही. अशा वेळी कोंबून भरलेल्या रिक्षात सहा वर्षांचे मूल कडेला बसलेले मला पाहवत नाही. महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, असे त्यांत म्हटले आहे. शाळेत जाऊन त्या समितीत पालक प्रतिनिधी कोण आहेत हे विचारा आणि त्यांना भेटा. कोणते वाहन परवानाधारक आहे, किती मुले बसवतात, सोबत महिला मदतनीस असते का, सर्वांत शेवटी उतरणारे मूल कोणते, हे त्यांना ठाऊक असते. आपली मुलगी त्या वाहनात एकटी शेवटी उरणार असेल तर दुसरी सोय पाहा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असावी, असेही शासनाचे आदेश आहेत. ती पेटी कोण आणि केव्हा उघडते, एवढे विचारले तरी ती नुसती भिंतीवर टांगलेली आहे की वापरात आहे हे कळते.

शक्य झाले तर पाळणाघरातील मावशींनी किंवा काकूंनी चालत जाऊन मुलांना शाळेतून आणण्याची व्यवस्था आहे का, ते पाहा. काही घरगुती पाळणाघरे जवळच्या एका-दोन शाळांसाठी ही सोय करतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी ते वाहनापेक्षा बरे.

निघण्यापूर्वी नाशिकच्या शाळेतून दाखल्यावरचे मुलीचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते का ते पाहून घ्या, आणि तिचा विद्यार्थी ओळख क्रमांक लिहून आणा. नवी शाळा ऑनलाइन विनंती पाठवते आणि जुन्या शाळेने ती मंजूर केल्यावर नाव नव्या पटावर येते, म्हणून तिथल्या मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवले तर सुट्टीत हे काम अडकत नाही. आणि वर्गशिक्षिकेवर जीव आहे म्हणालात, तर त्यांच्याकडून नव्या बाईंसाठी दोन ओळींचे पत्र मागून घ्या : मुलीला काय आवडते, ती कशाला बुजते. माझ्या वर्गात अशी पत्रे घेऊन आलेली मुले लवकर रुळत असत, कारण पहिल्याच दिवशी मला त्यांच्याशी बोलायला विषय मिळत असे.